मोटारीला मोटेचा टाका

हंबीररावांनी मोटारीची मागची गादी घरीच शिवायची ठरवली तेव्हा ती फक्त एक वीत उसवलेली होती. एवढं आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे मलकापुरात या प्रकरणाच्या ज्या हकिकती पसरल्या त्यांत ही एक वीत सगळेजण विसरून गेले.

लढाई संपून दोन वर्षं झाली होती. हंबीरराव फौजेत ड्रायव्हर होते आणि नाईक होऊन घरी परतले होते. येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या. एक, पुण्याला मिलिटरीच्या लिलावात घेतलेली जुनी मोटार, आणि दुसरी, लढाईत जिथं होते तो परमुलखातला बसरा. बैल लंगडला, आमटीत मीठ कमी पडलं, शेजाऱ्याच्या घरात भांडण झालं, काहीही असो, हंबीरराव मिशीवरून हात फिरवत 'बसऱ्याला असताना' अशी सुरुवात करीत. ते बसऱ्याला असताना त्यांच्या पत्नी शालूबाईंनी चार वर्षं एकटीनं ऊस पिकवला होता, पण ती गोष्ट ऐकायला पारावर कुणी जमत नसे.

त्या आठवड्यात घरात लगबग होती. त्यांची एकुलती एक लेक बनू हिला बघायला टाकारीकडचे पाहुणे यायचे होते. मुलगा सांगलीच्या कॉलेजात शिकलेला होता. बनूलाही तो पसंत होता, म्हणजे 'मला काय इचारता' असं म्हणताना ती खाली बघून हसली होती. मुलाचे वडील नाथाजी साधे गृहस्थ, पण त्यांच्या घरात शब्द चालायचा तो त्यांच्या थोरल्या बहिणीचा, चंद्राबाईंचा. या चंद्राबाईंनी आजवर दोन मुली नाकारल्या होत्या. दोन्ही वेळा मुलीत काही खोट नव्हती. एकीचा बाप पाहुण्यांसमोर पायावर पाय टाकून बसला आणि दुसरीचा बाप जेवताना बोलला. चंद्राबाई मुलगी बघायला येत त्या मुख्यतः बाप बघायला, हे साऱ्या कृष्णाकाठाला ठाऊक होतं. हे कानावर आल्यापासून शालूबाईंना धड झोप नव्हती.

पाहुणे गुरुवारच्या गाडीनं येणार होते आणि त्यांना स्टेशनवरून मोटारीनं आणायचं हंबीररावांनी पत्रातच कळवून टाकलं होतं. रविवारी मोटार पुसताना ती वीतभर उसवण दिसली.

"कऱ्हाडात शिवणारा हाय. दोन टाकं घालून आणा," शालूबाई म्हणाल्या.

यावर हंबीरराव हसले. बसऱ्याला त्यांनी अख्ख्या लॉरीचं छप्पर शिवलं होतं म्हणे. (शिवलं होतं दुसऱ्यानं. हंबीररावांनी ताडपत्री ताणून धरली होती. हे त्यांनीच एकदा बोलण्याच्या भरात सांगून टाकलं होतं.) तेव्हा एका वितीसाठी कऱ्हाड गाठायचं म्हणजे नाइकाच्या फितीचा अपमान होता. त्यांनी गादी बाहेर काढून सोप्यात आणली आणि उसवलेला दोरा नीट करावा म्हणून जरा ओढला. दोरा जुना होता. एक टाका ओढला की पलीकडचे दहा निघत. संध्याकाळपर्यंत सोप्यात एका बाजूला गादीचं कातडं, दुसऱ्या बाजूला घोड्याच्या केसांचा ढीग आणि मध्ये उघड्या स्प्रिंगा असा संसार मांडला गेला.

सोमवारी ते आरी मागायला हरिबाकडे गेले. विहिरीचं पाणी ओढायच्या चामड्याच्या मोटा शिवण्यात हरिबाचा हात धरणारा आसपासच्या पाच गावांत कुणी नव्हता. त्यानं शिवलेल्या मोटेतून थेंब गळत नसे. म्हातारा म्हणाला, राहू द्या, सांजच्यापर्यंत मीच शिवून देतो. हंबीररावांनी ते मानलं नाही, फक्त टाका दाखव म्हणाले. हरिबानं घरी येऊन दाखवला. आरीनं भोक पाडायचं, त्याच भोकातून दोन बाजूंनी दोन सुया घालायच्या आणि मेण लावलेला दोरा दोन्ही हातांनी आवळायचा. मग कातड्याच्या पुढच्या पट्टीवर पितळी कडी बसवलेली सहा भोकं होती, त्यांवर त्यानं बोट ठेवलं.

"ही भोकं मातुर हाईत तशी ऱ्हाऊ द्या. ज्यानं केल्यात त्यानं कायतरी इचार करूनच केल्यात."

"हरिबा, जल्म गेला तुझा मोटा शिवण्यात. मोटंला भोक चालतं का?"

"मोटंला न्हाई चालत. पर हिच्यात पाणी कुटं भरायचंय?"

हंबीररावांनी हरिबाच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःच्या बोटांना अकरा भोकं पाडली. दुसऱ्या दिवशी हात बसला. इतका बसला की दुपारी जेवायला उठले तेव्हा गादीचं कातडंही त्यांच्याबरोबर उठलं. मांडीवर घेऊन शिवता शिवता त्यांनी आपली खाकी विजार कातड्याला शिवून टाकली होती, तीही दुहेरी टाक्यानं. शालूबाईंनी कात्री आणली. बनू तोंडाला पदर लावून परसात पळाली. हंबीरराव मात्र खूष होते. विजार फाटली पण टाका सुटला नाही, हे त्यांनी दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी त्या सहा भोकांवर चामड्याचे सहा तुकडे बसवले. गादीच्या तळाला नुसतं गोणपाट होतं, ते धूळ घेईल म्हणून तिथंही चामडं लावलं. मोटेला लावतात तसं सगळ्याला करंजेल चोपडलं. अगदी शेवटी तळाच्या मागच्या कोपऱ्यात बोटभर जागा उरली असताना दोरा संपला, तेव्हा गाठ मारून त्यांनी आरी खाली ठेवली. मग गल्लीतल्या लोकांना बोलावून गादीवर घागरभर पाणी ओतलं. आत एक थेंब गेला नाही. लोकांनी माना डोलावल्या. त्यांतल्या केरबा पाटलांनी तर मोटारीची गादी पाण्यात बुडवायची वेळ कधी येते असं विचारलंही, पण हंबीररावांनी ते ऐकलं नाही.

गादीवर बसून मात्र कुणी बघितलं नाही. हंबीरराव बसणार होते, पण शालूबाईंनीच अडवलं. एवढी नव्यानं शिवलेली गादी, पहिला मान पाहुण्यांचा, असं त्या म्हणाल्या. (ही आठवण पुढे हंबीररावांनी त्यांना बऱ्याच वेळा करून दिली.)

गुरुवारी दोघं नवराबायको मोटार घेऊन स्टेशनवर गेले. गाडी आली. नाथाजी खाली उतरले आणि त्यांच्या मागून चंद्राबाई उतरल्या. चंद्राबाईंचा देह भारदस्त होता आणि चाल त्याहून. फलाटापासून मोटारीपर्यंत शंभर पावलं असतील. तेवढ्यात हंबीररावांनी त्यांना गादीचा सगळा इतिहास ऐकवला.

"आक्कासाब, सोताच्या हातानं शिवलीया. एक दोष काढून दावा."

चंद्राबाई मोटारीत चढल्या आणि पदर सावरून गादीवर टेकल्या.

जो आवाज झाला तो चारचौघांत होऊ नये असा होता. तो बराच वेळ चालला आणि शेवटी जरा वर चढला. पलीकडे ट्रंक उचलणाऱ्या हमालानं ट्रंक खाली ठेवून वळून बघितलं. नाथाजी एक पाय मोटारीत आणि एक जमिनीवर असे उभे राहून आभाळाकडे बघू लागले. असल्या गोष्टीवर कुणी बोलत नसतं, आणि कुणी बोलत नाही म्हणूनच ती मिटत नसते. चंद्राबाईंचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल झाला. त्यांनी दरवाजावर हात ठेवला.

"नाथाजी, माघारी जायला गाडी कवा हाय?"

हंबीररावांना त्या क्षणी सगळं उमगलं. ती सहा भोकं हवेची होती. आत कोंडलेली हवा कोपऱ्यातल्या त्या बोटभर जागेतून बाहेर पडत होती. 'आक्कासाब, दोष गादीचा हाय,' एवढं म्हटलं की काम भागत होतं. शालूबाई त्यांच्याकडे डोळे फाडून बघत होत्या, त्यांनाही तेच हवं होतं. पण दोष काढून दावा असं म्हणून अजून श्वासही पुरता सोडला नव्हता. हंबीररावांनी एकदा बनूची आठवण काढली, एकदा आपल्या टाक्याची काढली आणि मान खाली घातली.

"माफी असावी, आक्कासाब. माझंच झालं."

शालूबाईंनी डोळे मिटून घेतले. चंद्राबाईंनी दरवाजावरचा हात काढला. त्यांनी हंबीररावांना नीट न्याहाळलं आणि सकाळी काय खाल्लं होतं असं विचारलं. हरभऱ्याची उसळ, हंबीरराव म्हणाले. मग नाथाजी बसले. ते किडकिडीत असल्यामुळे आवाज आखूड झाला.

"ह्ये बी माझंच," हंबीरराव म्हणाले आणि मोटार सुरू केली.

स्टेशनपासून घर पाच मैल. रस्ता बैलगाड्यांनी खणून ठेवलेला. प्रत्येक खड्ड्याला गादी बोलायची आणि प्रत्येक वेळी हंबीरराव माफी मागायचे. दोन मैलांनंतर त्यांचा घसा सुकला, तेव्हा ते नुसता उजवा हात वर करू लागले. मागून येणाऱ्या सायकलवाल्याला वाटलं मोटार वळतेय. तो बिचारा दर वेळी उतरून उभा राहायचा. नाथाजी रस्त्याकडेच्या उसाची स्तुती करत होते. आवाज झाला की ते स्तुती जरा मोठ्यानं करायचे.

चौथ्या मैलाला इंजिन तापलं. हंबीरराव डबा घेऊन जवळच्या विहिरीकडे पाणी आणायला गेले. ते वीसेक पावलं गेले असतील नसतील, तोच मागं चंद्राबाई जरा सरकून बसल्या. विहिरीवरच्या बाया पाणी शेंदायच्या थांबल्या. हंबीररावांनी तिथूनच डबा उंच केला.

"माझंच," ते ओरडून म्हणाले.

यानंतर चंद्राबाई दोन-तीनदा मुद्दाम सरकून बसल्या असं शालूबाईंना वाटलं.

घरी चहा झाला, पोहे झाले, बनू पाटावर बसली, तिला नाव-गाव विचारून झालं. हंबीरराव पायावर पाय न टाकता आणि तोंडातून शब्द न काढता भिंतीला टेकून बसले होते. बोलायला त्यांच्यात काही उरलंच नव्हतं. निघायच्या आधी चंद्राबाईंनी शालूबाईंना माजघरात बोलावलं.

"पोरगी पसंत हाय. तुमचं मालक बी पसंत हाईत."

शालूबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. त्या कशाबशा म्हणाल्या, "आक्कासाब, आज वाटंत जे झालं..."

"अगं, ती गादी हाय. दुसऱ्याच खड्ड्याला वळखलं मी. म्हटलं, ह्यो माणूस दुसऱ्याची लाज आपल्या अंगावर किती घेतोय बघू. येकेचाळीस येळा म्हटला, माझंच. आसला व्याही कुटं गावतुया?" त्या उठल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "स्टेशनवर जायाला बैलगाडी जुपा मातुर."

पाहुणे बैलगाडीतून गेले. गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाली तशा शालूबाई धावत सोप्यात आल्या. आनंदानं त्यांना बोलणं सुचत नव्हतं. त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. चंद्राबाईंना सगळं कळलंय, त्यांच्या मनात काही किल्मिष नाही, आता उगीच लाजायचं कारण नाही, दोष त्या गादीचा होता हे त्या स्वतःच म्हणाल्या.

हंबीरराव ताठ झाले.

"कुणाचा दोष?"

"आवं, गादीचा."

"माझ्या हातचा टाका हाय त्यो," हंबीरराव म्हणाले. "गादीत दोष न्हाई. ते माझंच हुतं."

शालूबाई आत गेल्या, डब्यातून मूठभर ओवा आणून नवऱ्याच्या हातावर ठेवला, शेजारी गरम पाण्याचा तांब्या ठेवला आणि तो सगळा चावून होईपर्यंत समोर बसून राहिल्या.