लुतेलूचा गोल आणि सोलोमोना डुक्कर

"यंदा गोल होणार! नुसता होणार नाही, दणक्यात होणार!" सभागृहाच्या चटईवर थाप मारून फुटबॉल कोच लुतेलू म्हणाला. "आणि नाही झाला तर माझा सोलोमोना कापा आणि अख्ख्या गावाला जेवू घाला!"

समोर बसलेल्या मालोफूकाकांनी जिभेने ओठ ओले केले.

त्यांचंही काही चुकलं नाही. सोलोमोना म्हणजे फुनाफुती बेटावरचं सगळ्यात देखणं डुक्कर. लुतेलूच्या बायकोने, सिलियाने, त्याला खोबरं भरवून वाढवलेला, तिच्या भाचीच्या लग्नासाठी. लग्नात पानावर डुक्कर नाही म्हणजे मामी-मावश्यांनी तोंड लपवून फिरायचं. आणि तुवालू देशाच्या सतरा वर्षांखालच्या पोरांनी आजवर परदेशात जाऊन गोल खाल्ले होते पोटभर, मारला एकही नव्हता.

"तुला गोल मारायचाय तर मार ना!" घरी सिलिया कडाडली. "त्यात माझ्या डुकराला कशाला खेळवतोस?"

"अगं, पोरं तयार आहेत यंदा!"

"मागच्या वेळीही तयार होती. अकरा खाऊन आली!"

पोरं तयार होती हे मात्र खरं. सराव अर्थातच विमानाच्या धावपट्टीवर. दुसरी तेवढी मोकळी जागा आहे कुठे? संध्याकाळी फुटबॉल तिथे, व्हॉलीबॉल तिथे, गप्पा तिथे, उकडायला लागलं की झोपाही तिथेच. फक्त विमानाचा भोंगा झाला की असेल ते टाकून पळत सुटायचं. पोराला चालायच्या आधी हे शिकवतात. आणि शेवटच्याने बॉल लाथेने उडवून पट्टीबाहेर घालवायचा. शेवटचा कायम कैतू! बचावफळीतला हा गडी पळायला सुस्त, पण त्याची लाथ अशी की बॉल कधी कधी थेट खाजणात सापडायचा.

स्पर्धा होती फिजीत, लाउटोकाला. पहिल्या दोन सामन्यांत व्हायचं तेच झालं. तिसरा आणि शेवटचा टोंगाशी. मध्यंतराला सहा शून्य.

"पोरांनो," लुतेलू हात जोडून म्हणाला, "मला जिंकायचं नाही रे. एक गोल! डोक्याने मारा, गुडघ्याने मारा, पण एक मारा!"

"कोच, सोलोमोनासाठी?" कैतूने विचारलं.

"देशासाठी रे, गाढवा!" लुतेलू ओरडला. मग हळूच म्हणाला, "आणि थोडासा सोलोमोनासाठी."

उत्तरार्ध सुरू झाला. रेडिओवाला इओने माइकमध्ये ओरडत होता, घरी सगळं बेट ऐकत होतं. पोरं जीव तोडून धावत होती. कैतूने मधल्या रेषेजवळ बॉल अडवला, आणि तेवढ्यात...

पाळी सुटल्याचा भोंगा! मैदानामागच्या साखर कारखान्याचा! लांबलचक, चढत जाणारा, अगदी आपल्या फुनाफुतीसारखा!

पुढचं कुणी ठरवून केलं नाही. पायांनी परस्पर केलं. दहा पोरं मैदान सोडून सुसाट सुटली. गोलकीपरने जाता जाता बाजूला बसलेलं एक भटकं कुत्रं काखोटीला मारलं, कारण वाटेतलं कुत्रं उचलूनच पळायचं, अशी धावपट्टीची शिस्तच आहे! इओने माइक फेकून पळाला. आणि सगळ्यांच्या पुढे कोण? खुद्द कोच! लुतेलूने कुंपणावरून अशी उडी घेतली की तरुणपणी घेतली नसेल. तो पलीकडच्या गटारात उतरला आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून बसला.

ही पळापळ बघून टोंगाच्या पोरांचं धाबं दणाणलं. भोंगा वाजतोय, माणसं जिवाच्या आकांताने पळतायत, म्हणजे दुसरं काय असणार?

"समुद्र आला रे! लाट आली! वर चढा, वर!"

त्यांचा गोलकीपर प्रेक्षागाराच्या सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन खांबाला मिठी मारून उभा राहिला.

मैदानात उरला एकटा कैतू. त्याने सवयीप्रमाणे समोर मोकळं बघितलं, जोर लावून लाथ घातली, आणि मागे वळून न बघता पाय लावून पळाला.

थोड्या वेळाने गटाराच्या काठावर काळे बूट दिसले. रेफरी! तो लाउटोकाचाच. रोज तीनदा हा भोंगा ऐकत मोठा झालेला.

"बाहेर या," तो म्हणाला. "न विचारता मैदान सोडल्याबद्दल सगळ्यांना पिवळं कार्ड. तुम्हालासुद्धा."

"विमान गेलं का?" लुतेलूने विचारलं.

"कसलं विमान? आणि तुमचा एक गोल झालाय. सहा एक."

लुतेलूला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याने त्या गटारातच गुडघे टेकले, देवाचे आभार मानले आणि रेफरीच्या बुटांना मिठी मारून ढसाढसा रडला. उरलेला सामना पोरं नुसती नाचली. त्यात आणखी तीन गोल खाल्ले, पण मोजतंय कोण!

सामना संपताच त्याने सिलियाला फोन लावला.

"सिलिया! झाला! गोल झाला! सोलोमोना वाचला!"

पलीकडून नुसता भांडी घासल्याचा आवाज आला.

"ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," सिलिया म्हणाली. "मालोफूकाका सकाळीच येऊन घेऊन गेले त्याला. म्हणाले, सामना संपेपर्यंत थांबलो तर जेवायला मध्यरात्र होईल."

"सकाळी? अगं, पण सामना तरी होऊ द्यायचा!"

"मी म्हटलं तसं. सगळे हसले. मग मीही हसले."

"बरं. निदान चांगला झाला होता का?"

"कुणाला ठाऊक! धावपट्टीवर चटया घातल्या, सोलोमोना मधोमध ठेवला, रेडिओ लावला. काकांनी पहिला तुकडा उचलला आणि रेडिओवर भोंगा वाजला."

"मग?"

"मग काय? पळालो सगळे!"

"अगं, आज विमानाचा वार तरी आहे का?"

"तू पळालास तेव्हा वार बघितलास?"

लुतेलूच्या पँटमधून अजून गटाराचं पाणी गळत होतं.

"परत आलो तर हाडंसुद्धा नव्हती," सिलिया म्हणाली. "कुत्री हललीच नव्हती जागची. त्यांना खरा भोंगा कळतो." मग तिचा आवाज जरा मऊ झाला. "ते जाऊ दे. गोल कसा झाला ते तरी सांग. दिसायला कसा होता?"

लुतेलूने मान वर करून संघाकडे बघितलं. कैतूने खांदे उडवले. इओनेने नजर चुकवली. बाकीची पोरं एकमेकांकडे बघायला लागली. गोलकीपरच्या काखेतलं कुत्रं तेवढं शेपूट हलवत होतं.

"थांब," लुतेलू फोनवर म्हणाला, "रेफरीला विचारून सांगतो."