नागरी नियंत्रणाचा ठराव

नंदकिशोर देवधर विमा कंपनीत अधिकारी होते, पण बदली होऊन जयपूरला आल्यापासून त्यांचं खरं लक्ष देशाच्या संरक्षणावर होतं. मराठी मंडळाने रविवारी वादविवाद ठेवला होता आणि ठराव त्यांनीच लिहिला होता : 'तिन्ही सैन्यदलांवर एकच सेनापती असावा आणि देशाच्या हेरखात्यावर नागरिकांचं नियंत्रण असावं.' ठरावाच्या बाजूने स्वतः देवधर, विरोधात निवृत्त कर्नल राजरत्न साळवी. कर्नल तीस वर्षं फौजेत होते आणि देवधर तीस वर्षं वर्तमानपत्रात डोकं घालून होते, त्यामुळे लढत तुल्यबळ मानली जात होती.

भाषणाची तयारी करता करता देवधरांच्या डोळ्यांसमोर मंडळाचीच दशा आली. सभागृह समिती वेगळी, चहापान समिती वेगळी, निमंत्रण समिती तिसरीच, आणि तिघींचं एकमेकींशी बोलणं नाही. गेल्या कार्यक्रमात चहा आला तेव्हा श्रोते घरी पोचले होते. देवधरांनी एका बैठकीत तिन्ही समित्या बरखास्त केल्या आणि सगळी सूत्रं स्वतःकडे घेतली. मुलीकडून, अवनीकडून, मोबाइलवर एक फॉर्म करून घेतला. ज्याला जे कळवायचं असेल ते त्याने फॉर्ममध्ये भरायचं. रविवारी दुपारनंतर सगळ्यांनी आपापले फोन बंद ठेवायचे.

"बाबा, मतलब आईने पण फॉर्म भरायचा?" अवनीने विचारलं.

"आईने सगळ्यात आधी भरायचा."

त्याला कारण होतं. त्यांच्या सोडाला भागातल्या झाडून साऱ्या मराठी घरांची खबर मधुमतीबाईंकडे असे. ती कुठून येते, कोण आणतं, याचा पत्ता देवधरांना वीस वर्षांच्या संसारात लागला नव्हता. त्यांच्या मते हे कुणालाच उत्तरदायी नसलेलं हेरखातं होतं, आणि भाषणात ते नेमके अशाच कारभारावर तुटून पडणार होते.

शनिवारी सकाळी चहा पुढे ठेवत मधुमतीबाई म्हणाल्या, "अहो, उद्याच्या हॉलचं जरा ऐकून घेता का?"

देवधरांनी हात वर केला. "फॉर्म."

"एकच वाक्य आहे हो."

"मग फॉर्म लवकर भरून होईल."

मधुमतीबाईंनी फॉर्म भरला. देवधरांनी तो वाचला नाही, कारण तोवर एकशे बारा फॉर्म आले होते आणि त्यांतले चाळीस चहातल्या साखरेबद्दल होते.

रविवारी तीन वाजता देवधर पाहणीसाठी एकटेच पुढे गेले. समाजभवनाच्या दाराला झेंडूच्या माळा होत्या, आत सनई वाजत होती. मंडळाने एवढी हौस केलेली पाहून त्यांचा ऊर भरून आला. दारातल्या भारदस्त गृहस्थांनी हात जोडून विचारलं, आपण कोणाकडून? वादविवादात कोणीही सांगेल तसं देवधरांनी शुद्ध हिंदीत सांगितलं, "हम पक्ष की ओर से हैं."

"वरपक्ष!" गृहस्थ आत ओरडले. पुढच्याच क्षणी देवधरांच्या डोक्यावर गुलाबी साफा होता. त्यांना पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसवण्यात आलं, हातात केशरी सरबत आलं, आणि एक म्हातारे आजोबा त्यांना मुलाच्या स्वभावाबद्दल खोदून खोदून विचारू लागले. देवधरांनी मुलगा चांगला असल्याचं सांगितलं. न सांगून करतात काय?

साडेचार वाजले तरी मंडळाचं एक माणूस दिसेना. त्यांनी एकामागून एक फोन लावले. सगळे बंद होते. फोन बंद ठेवण्याचा हुकूम इतका काटेकोर पाळला जाईल असं त्यांना वाटलं नव्हतं. शेवटी नाइलाजाने त्यांनी फॉर्म उघडले. अठ्ठावन्नावा मधुमतीबाईंचा होता : 'चौकीदाराने एकच दिवस दोघांना दिलाय. उद्या आपल्या हॉलमध्ये लग्न आहे. मंडळातल्या मंगेशरावांच्या कारखान्याचं गोदाम मिळतंय, विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात. हुकूम द्यावा.' खाली हुकमाची चौकट कोरी होती.

ऑटोने सीकर रोड गाठून देवधर गोदामात पोचले तेव्हा साडेपाच झाले होते. पाण्याच्या पंपांच्या खोक्यांवर सत्तर माणसं मांडी ठोकून बसली होती आणि सगळ्यांच्या हातात वाफाळता चहा होता. हुकूम न आल्यामुळे मधुमतीबाईंनी शनिवारी संध्याकाळी चार बायकांना सांगितलं होतं. तासाभरात साऱ्या मंडळाला कळलं होतं. सेनापतीला फॉर्मशिवाय काही कळवायचं नसल्यामुळे त्याला तेवढं कुणी कळवलं नव्हतं. ठरावाचा वक्ता आला नाही म्हणून अध्यक्षांनी त्याच्या पत्नीला उभं केलं होतं.

कर्नलसाहेबांचं भाषण संपत आलं होतं. नागरिकांच्या पोटात गुपित राहत नाही, असं ते सांगत होते. आणि खरी गुपितं नागरिकांपर्यंत पोचतच नाहीत, मग ते नियंत्रण कशावर ठेवणार?

मधुमतीबाई उत्तर द्यायला शांतपणे उठल्या. "कर्नलसाहेब, डॉक्टरांनी तुमचं गोड बंद केल्याला तीन महिने झाले. तुमच्या कपाटात, गणवेशाच्या मागे, घेवर मिठाईचा डबा आहे. मला पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे. मी आजवर कुणाला बोलले?"

दुसऱ्या रांगेतल्या कर्नलीणबाईंनी मान सावकाश वळवली. कर्नलसाहेबांनी सीमेवर जे कधी केलं नव्हतं ते केलं; ते खाली बसले.

"आज बोलले ती देशहितासाठी," मधुमतीबाई पुढे म्हणाल्या. "तर गुपित नागरिकांना कळतंही आणि त्यांच्या पोटात राहतंही. अशी बऱ्याच जणांची बरीच माहिती आहे." इथे त्यांची नजर दाराकडे गेली. गुलाबी साफ्यातले पती त्यांना दिसले आणि त्या गोड हसल्या. "पण ती वेळ आली म्हणजे."

वीस वर्षांतल्या किती गोष्टी देवधरांनी कपाटांमागे ठेवल्या होत्या, ते त्यांचं त्यांनाच नीट आठवेना.

टाळ्या थांबल्यावर अध्यक्षांनी ठराव मताला टाकला. बाजूने अडुसष्ट हात वर झाले. मग त्यांनी विरोधकांना हात वर करायला सांगितले. पहिला हात अर्थात कर्नलसाहेबांचा होता. दुसरा दाराजवळ, गुलाबी साफ्याच्या शेजारी, हळूच वर गेला.

कर्नलसाहेबांनी वळून पाहिलं. ते खोक्यावर जरा सरकले आणि देवधरांना शेजारी जागा करून दिली.