काखेतलं जादा कापड

सासऱ्यांनी जाकीट समोर धरलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान होतं, की कामावरून आलेली सूनबाई उंबऱ्यातच थबकली.

"घे. दुकानदाराने फसवलं होतं तुला. मी दुरुस्त केलंय."

"काय दुरुस्त केलंत?"

"भोकं होती."

जाकीट डोंगरकडे चढणाऱ्यांसाठीचं होतं. घडी केली तर मुठीत मावावं इतकं हलकं. दोन्ही काखांखाली एकेक चेन, उघडली की आत वारा खेळायचा. पाठीवर बारीक जाळी, घाम बाहेर जायला. सूनबाईने दुकानात हेलपाटे घालून घालून ते मिळवलं होतं. आता काखेतल्या चेन बाहेरून पक्क्या शिवून टाकलेल्या होत्या आणि जाळीला आतून फ्लॅनेलचं जाड अस्तर लावलेलं होतं.

चूक तिचीच होती म्हणा. सासरे जन्मभर कोट शिवलेले शिंपी. घरात आलेला कुठलाही नवा कपडा अंगावर चढण्याआधी त्यांच्या नजरेखालून जायचा, असा शिरस्ता होता. त्यातून मुलाचे शर्ट सुटले नव्हते, शेजाऱ्यांचे पडदे सुटले नव्हते. असं असताना तिने जाकीट खुर्चीवर टाकलं आणि ती कामावर निघून गेली.

"बाबा, ती भोकं मुद्दाम ठेवलेली असतात. ते जाकीट श्वास घेतं."

"कोण घेतं?"

"जाकीट."

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावून तिच्याकडे नीट पाहिलं. "सूनबाई, मी आयुष्यभर कोट शिवले. न्यायाधीशांचे शिवले, वाजंत्र्यांचे शिवले. त्यातला एकही श्वास घेत नव्हता. श्वास आतल्या माणसाने घ्यायचा असतो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशी ती जायला फार वेळ लागायचा नाहीच. सूनबाई पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीवर बसायची. दिवसभर लोक येऊन कोरड्या नळांवरून तिच्यावर ओरडायचे आणि तिने गोड आवाजात म्हणायचं, "तुमच्या तक्रारीची नोंद घेतली आहे." गिळलेला तो सगळा राग ती सुट्टीच्या दिवशी कड्यावर नेऊन काढायची.

आणि उद्या सकाळी त्याच कड्यावर निवड होती. मोठ्या मोहिमेत दोराला पहिलं कोणी जायचं, हे चढाई शिकवणारे उस्ताद उद्या ठरवणार होते. पहिला जो जातो तो वाट काढतो. बाकीचे त्याच्या मागून येतात. सूनबाईला मागून जाण्याचा वीट आला होता. गेल्या खेपेला उस्तादांनी तिला सरळ सांगितलं होतं, "ताकद आहे तुझ्यात, पण सगळी रागाची. दंडांनी दगड उपटायला निघाल्यासारखी चढतेस. पाय काय शोभेला दिलेत?" आणि मान दिला होता तिच्याच गटातल्या लांबूला. लांबू शीळ घालत चढायचा. त्या शिळेची तिला मनापासून चीड होती.

"जाऊ दे. मी जुनंच घालते," ती दातओठ खात म्हणाली.

"जुनं?" सासऱ्यांनी शिलाई मशीनकडे बोट दाखवलं. मशीनवर तिच्या जुन्या जाकिटाचं सुरेख आवरण चढलेलं होतं. खाली नाडीसुद्धा होती. "नवं आलं म्हटल्यावर जुनं कशाला पडू द्यायचं?"

"मग हे तरी उसवून द्या. आत्ता."

"माझी टीप उसवण्यासाठी घातलेली नसते. शिवाय दिव्याच्या उजेडात काळ्यावर काळा दोरा दिसत नाही मला."

इथे नवऱ्याने मध्ये पडायला नको होतं. त्याचं चष्म्याचं दुकान, दिवसभर चिमुकले स्क्रू पिळायचे. "अगं, माझा हात स्थिर आहे. दे इकडे," म्हणून त्याने कात्री घेतली. पाठीच्या अस्तराचा पहिला टाका निघाला, दुसरा निघाला. तिसऱ्याच्या वेळी ती ओरडली, "हळू," आणि त्याचा तो सुप्रसिद्ध स्थिर हात हलला. पाठीवर तळहाताएवढी फाट पडली.

"तू शांत हो आधी," नवरा म्हणाला.

यापुढे ती जे बोलली ते शेजाऱ्यांनी भिंतीपलीकडून शब्दन् शब्द ऐकलं, म्हणून इथे लिहिण्याची गरज नाही. सासरे मात्र खूश झाले. ठिगळासाठी लागेल तेवढा उजेड त्यांना बरोबर पुरला. जाड आणि टिकाऊ म्हणून त्यांनी कापड निवडलं ते जुन्या पडद्याचं. त्यावर एक मोठं पिवळंधमक सूर्यफूल होतं, आणि ते त्यांनी अगदी पाठीच्या मधोमध आणलं.

सकाळी ती निघाली तर सासरे चपला घालून दारात उभे. "येतो मीही. कोट अंगात कसा बसतो ते पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही." नवरा डबा घेऊन मागे. तिने तोंडाला कुलूप घातलं, कारण उघडलं असतं तर निवड राहिली असती बाजूला.

कड्याखाली वारा बोचरा होता. दगड खरबरीत असल्याने पूर्ण बाह्यांच्या जाकिटाशिवाय कोणालाही चढू द्यायचं नाही, असा उस्तादांचा दंडकच होता. लांबू नुकताच शीळ घालत वर जाऊन आला होता. त्याने तिची पाठ पाहिली.

"बाई, आज बाग घेऊन आलात?"

तिने दोर कमरेला बांधला आणि सुरुवात केली. पुरुषभर उंचीवर गेली, वरची खाच पकडायला उजवा हात उचलला, आणि तो खांद्याशीच थांबला. मागून कोणी बाही धरून ठेवावी तसा. डावा उचलला. तोही तिथेच.

"बाबा," ती दगडाला गाल लावूनच म्हणाली, "काखेत काय केलंत?"

"चेनखाली जादा कापड होतं, ते काढलं," खालून उत्तर आलं. "ढगळ दिसत होतं. आता बघ कसं चापून बसलंय."

"हात वर जात नाहीये."

"कोटात हात वर कशाला न्यायचा? कोटात हात खाली असतो."

खाली जमलेली सगळी मंडळी हसली. लांबूची शीळ मध्येच तुटली, इतका तो हसला. खाली उतरावं, जाकीट सासऱ्यांच्या डोक्यावर घालावं आणि घर सोडून जावं, असं तिला अगदी खरंखुरं वाटलं. पण उतरलं की संपलं. वर जायचं तर हात नव्हते. उरले होते पाय.

तिने पायाशी पाहिलं. अंगठ्याएवढा एक कंगोरा दिसला. इतक्या वर्षांत त्या कड्याच्या कंगोऱ्यांकडे तिने कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. बुटाचं टोक तिथे टेकवलं, गुडघा सरळ केला, आणि आपोआप वर सरकली. मग दुसरा कंगोरा. एका पावलाला ती सासऱ्यांना शिव्या घालत होती, दुसऱ्याला नवऱ्याला. फ्लॅनेलखाली घामाच्या धारा लागल्या होत्या. हात आपले छातीशी, नुसते तोल सांभाळायला. ती सावकाश, कुठेही न धडपडता माथ्यावर पोचली तेव्हा खाली कोणी हसत नव्हतं.

उतरल्यावर उस्तादांनी स्वतः तिच्या कमरेचा दोर सोडला. मग म्हणाले, "आज तू चढलीस. आजवर भांडत होतीस. मोहिमेत दोराला पहिली तू."

तिला रडू आलं, आणि रागही आला. आता हा राग कोणावर काढायचा, तेच कळेना.

परतीच्या वाटेवर सासरे सारखे मागे वळून कड्याकडे पाहत होते. सून सुट्टीच्या दिवशी नेमकं काय करते, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं. "पालीसारखी भिंतीवर चढतेस हे आधी नाही का सांगायचं?" एवढंच ते रागाने बोलले. दुसऱ्या दिवसापासून खिडकीच्या उजेडात बसून त्यांनी स्वतःची टीप टाका-टाका करून उसवली. अस्तर काढलं, चेन मोकळ्या केल्या. काखेतले कापलेले तुकडे त्यांनी जपून ठेवलेलेच होते. ते जागच्या जागी बसवले.

पुढच्या सरावाला सूनबाईचे हात मोकळे होते. तिने वरची खाच पकडली आणि अंग झोकून ओढलं. खालून उस्तादांचा आवाज आला, "आली परत भांडायला. मोहिमेला असं चढणार असशील तर लांबूला सांगतो पहिलं जायला."

घरी आल्यावर तिने जाकीट मशीनवर ठेवलं.

"बाबा, चेन राहू द्या. जाळीही राहू द्या. फक्त काखेतलं जादा कापड काढा."

सासऱ्यांनी चष्मा काढला. या वेळी पुसलासुद्धा नाही. "काय चाललंय काय या घरात? घाल म्हणता, काढ म्हणता. डोळे फुटायची वेळ आली माझी. माणूस आहे की कळसूत्री? कोणाला काही विचार आहे का नाही? मी हातसुद्धा लावणार नाही त्याला."

ते आणखीही पुष्कळ बोलले. नवरा आतल्या खोलीतून डोकावून परत आत गेला. सूनबाई मशीनपाशी शांत उभी राहिली. त्यांचं बोलणं पूर्ण संपू दिलं. मग कचेरीच्या खिडकीवर बोलते त्याच गोड आवाजात म्हणाली, "तुमच्या तक्रारीची नोंद घेतली आहे, बाबा."

आणि सुईत काळा दोरा ओवून त्यांच्या हातात दिला.