दात न बघितलेली खुर्ची

खुर्ची दारात अडकली ती अडकलीच. पुढची चाकं घरात, मागची ओट्यावर आणि मधोमध बंकट, उंबऱ्यावरच्या नरसिंहासारखा. ना आत, ना बाहेर.

"हऱ्या, ढकल बे!"

"ढकलायलोय की! चौकट आडवी यायली."

"मंग काढ चौकट!"

"चौकट काढल्यावर दार काय माज्या डोक्यात बसवता?" आतून त्याची बायको छबुबाई कडाडली. "खुर्ची आत पायजे का घराला दार पायजे, यवडं एक ठरवा."

बंकट म्हणजे शेळ्या-बोकडांतला जाणता माणूस. जनावराचा ओठ वर करून नुसते दात बघितले की त्याचं वय आणि मालकाचा खोटेपणा दोन्ही सांगायचा. मागल्या उन्हाळ्यात शेळ्यांना पाला काढायला कडुलिंबावर चढला आणि फांदीसकट खाली आला. तेव्हापासून कंबरेखालचं अंग त्याचं ऐकेनासं झालं. ते दुःख त्यानं कसंबसं गिळलं. गिळता येत नव्हता तो नेकनूरचा आठवडी बाजार. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घालून बोटांनी ठरवतात. आता बाजाराला पोरगा हरिओम जायचा, आणि त्याला उपरण्याखाली गुदगुल्या व्हायच्या. हसणाऱ्या माणसाला कधी भाव मिळतो का? घरची चांगली चांगली बोकडं त्यानं खिदळत खिदळत मातीमोल केली होती.

बंकटला आपला बाजार आपल्या हातानं करायचा होता. त्यासाठी हातानं फिरवायची तीनचाकी सायकल हवी होती. बीडच्या दुकानात तिची किंमत ऐकली तेव्हा तो हरिओमच्या पाठीवरून घसरायचाच राहिला. "यवड्यात दुभती म्हैस येती की! आन् ती दूध तरी देती."

मग पुढारी रामेश्वरभाऊंचा वाढदिवस आला आणि खुर्च्यांचं वाटप झालं. बंकटला भर उन्हात मंडपाबाहेर बसवून ठेवलं. फोटो निघाले, भाऊंनी भाषण केलं, "आजपासून बंकटराव स्वावलंबी!" आणि चार कार्यकर्त्यांनी स्वावलंबी बंकटरावांना उचलून टेम्पोत टाकलं.

ती खुर्ची दवाखान्यातली. चारी चाकं भाकरीएवढी, हातानं फिरवायची सोय नाही. मागून कुणीतरी ढकलावी तेव्हा चालणार. पाठीवर मात्र भाऊंचा हात जोडलेला फोटो, हा मोठा. फरशीवर पळणारी ती खुर्ची वाडीच्या रस्त्यावर दहा पावलं गेली. पुढं नळाच्या पाइपासाठी खोदलेली चारी होती. चाकं चारीत रुतली आणि बंकट खुर्चीच्या आधी पलीकडं पोचला.

भाऊंच्या कार्यकर्त्याला त्यानं गाऱ्हाणं सांगितलं, तर तो म्हणाला, "काका, धर्माची गाय अन् दात का गं नाय? फुकट भेटलंय, गप बसा."

"गपच बसलोय की! दुसरं काय करता येतंय हिच्यात?"

जन्मभर दात बघून व्यवहार केलेल्या माणसाला हे लईच लागलं. पुढच्या बाजारी त्यानं हट्टच धरला. हरिओम, शेजारचे दोघं आणि भाड्याचा छोटा हत्ती टेम्पो, एवढा लवाजमा घेऊन बंकट स्वतःच्या पायावर उभं राहायच्या मोहिमेला निघाला. बरोबर दांडगा काळा बोकड.

बाजारात गिऱ्हाईक भेटलं ते युसूफवडगाव गावचे मोहनराव. उपरणं पडलं, हात आत गेले. किती दिवसांनी! बंकटच्या बोटांना जणू पाय फुटले. पण मोहनरावांची नजर बोकडावर कमी आणि खुर्चीवर जास्त.

"ही बी द्यायची का?"

"खुर्ची? कावून?"

"आमची म्हातारी खाटंवर हाय. घरभर फरशी, अन् ढकलायला चार सुना. वडलांची हाताची तीनचाकी गोठ्यात पडून हाय. वडील गेले, म्हातारीला ती फिरवता न्हाई येत."

बंकटनं चेहरा दगडाचा केला आणि उपरण्याखाली बोटं दाबली. सौदा ठरला. खुर्चीला तीनचाकी, आणि बोकडाचा भाव बंकट म्हणेल तो.

पुढच्या बाजारी मोहनरावांनी तीनचाकी आणली. बंकटनं ती जनावरासारखी तपासली. साखळी ओढली, चक्राचे दाते एकेक करून चाचपले, टायर दाबले, ब्रेक आवळून बघितला. मग खुर्ची दिली, सायकलीत बसला, दांडा फिरवला आणि गाडी सुटली! नेकनूरहून वाडीपर्यंत एकटा. मागं फटफटीवर हरिओम, "आबा, दमानं!" म्हणत. चारीपाशी बंकटनं जरा वळसा घातला, मोठ्या चाकांनी ढेकळं ओलांडली आणि त्याला सरळ रडू आलं.

पारावर मात्र कुणी शाबास म्हणेना. सगळे त्याच्या पाठीमागं बघत होते.

"बंकट, तू बी गेलास व्हय तिकडं?"

"कुकडं?"

सायकलीच्या पाठीवरची गोठ्यातली धूळ वाटेत झडली होती आणि खाली राधाकिशनअण्णांचा फोटो होता. रामेश्वरभाऊंचे कट्टर विरोधक. बंकटनं दाते बघितले, तोंड बघायचं राहिलं! घरी पोचेपर्यंत फोनवरून गावभर झालं होतं, बंकटनं पार्टी बदलली. छबुबाईनं काथ्या घासला, राख घासली, घासलेट ओतलं. नेत्यांनी केलेला रस्ता वर्षात उखडतो, पण चिकटवलेला फोटो निघत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात दोन टोळ्या. अण्णांचे लोक हार घेऊन, भाऊंचे लोक डोळे वटारून.

"काका, भाऊंनी दिलेली खुर्ची इकली? आज नवी आणून देतो, पर ह्या सायकलीतून उतरा."

"उतरायचं न्हाई काका! आण्णा तुमाला ब्याटरीवाली देणार हायत. सत्कार ठिवलाय."

वर्षभर ज्याच्या दारात एक चाक आलं नव्हतं, त्याच्यापुढं आता गाड्यांची रांग लागायची वेळ आली होती. बंकटनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं.

"आणा, दोगं बी आणा. बाजाराच्या दिशी, भर बाजारात. मी आदी दात बगणार. पसंत पडली तर ठिवीन, न्हाईतर तिथंच उपरण्याखाली हात घालीन."

त्यानं दांडा फिरवला. त्याबरोबर दोन्हीकडचे कार्यकर्ते सवयीनं ढकलायला धावले. मोबाइल वर झाले.

"हात काढा बे!" बंकट ओरडला. "लई ढकललं मला. सरा बाजूला, शेळ्या वाट बघायल्यात."