सुनेची नोकरी, सासऱ्यांचा चेहरा

घरून काम करणाऱ्यांवर लक्ष ठेवायला कंपनीने सुनेच्या संगणकात एक यंत्रणा बसवली. ती सुरू झाली, त्याच क्षणी सून स्वयंपाकघरात उतू जाणारं दूध सावरत होती. पडद्यावर सूचना आली : 'समोर बसा. कॅमेऱ्याकडे बघा.' जवळच उभे असलेले सासरे जन्मभराचे मास्तर. सूचना दिसली की पाळायची, एवढंच त्यांना ठाऊक. ते ताठ बसले आणि त्यांनी बघितलं.

'नोंदणी झाली.'

सून येऊन बसली, तर लाल अक्षरं : 'अनोळखी व्यक्ती. काम थांबवले आहे.'

तिने साहेबांना फोन लावला. "साहेब, त्यात माझ्या सासऱ्यांचा चेहरा गेलाय."

"अहो, यंत्र चुकत नाही. आणि चेहरा बदलायचा तर वरून मंजुरी लागते. वेळ लागेल."

"तोवर मी काय करू?"

"काम करा."

घरात पगार तिचा एकटीचाच. मग सासरे कॅमेऱ्यासमोर बसू लागले आणि सून कळफलक मांडीवर घेऊन शेजारच्या स्टुलावर. सासऱ्यांची पापणी लवत नसे. परीक्षेत कॉपी करणारी पोरं पकडून मुरलेली नजर ती! यंत्र भारावलं. महिनाअखेरीस सून 'सर्वांत एकाग्र कर्मचारी' ठरली.

दरम्यान या पाळतीविरुद्ध सरकारकडे तक्रारी गेल्या आणि चौकशीला एक अधिकारी बाई आल्या. साहेबांनी मोठ्या तोऱ्यात त्यांना थेट या आदर्श कर्मचाऱ्याच्या घरी आणलं. खुर्चीत इस्त्रीचा सदरा घातलेले सासरे, ध्यानस्थ. स्टुलावर घामाघूम सून.

"यातली कर्मचारी कोण?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी सुनेकडे बोट केलं. पडद्यावर मात्र सुनेचं नाव सासऱ्यांच्या मिशीखाली झळकत होतं.

"आणि घरात कोण येतं, कोण काय बोलतं, तेही टिपता?"

"सुरक्षेसाठी," साहेब पुटपुटले.

"कोणाच्या?"



लवकरच आदेश निघाला : परवानगीशिवाय कोणाच्या घरात डोकावायचं नाही, टिपलेलं सगळं पुसायचं, माणसाचं काम त्याच्या कामावरूनच मोजायचं. सून हुश्श करून आपल्या खुर्चीत बसली. सासरे मात्र खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"बाबा, सुटलात की! आता मस्त फिरायला जा."

"जातो गं," सासरे म्हणाले. "पण या वयात दिवसभर आपल्याकडे बघतं कोण? ते बघत होतं. वर मार्कही देत होतं."