गांगुर्डे टी.सी. आणि स्टीलवरचा कायदा

माझ्या भांड्यांच्या दुकानात आजवर असं एकच गिऱ्हाईक आलं, ज्याने सांगितला तो भाव निमूट दिला. त्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

मी नांदगावहून नाशकात आलो तो सायकलवर मोड गोळा करत. जुनं पितळ द्या, नवं स्टील घ्या. भांडी बाजारातलं आजचं दुकान मी घासाघिशीवर उभं केलंय. मी तीस सांगतो, गिऱ्हाईक दहा म्हणतं, मी कपाळावर हात मारतो, ते चपला घालून पायरी उतरतं, मी हाक मारतो. ही रीत आहे. यात दोघांचीही करमणूक होते आणि जेवण पचतं. गांगुर्डे पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी एक डबा उचलला. मी म्हणालो, "तीस." त्यांनी तीस रुपये काढून गल्ल्यावर ठेवले.

"साहेब, काही बोला तरी."

"काय बोलू? भाव सांगितलात ना?"

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझं डोकं दुखत होतं.

गांगुर्डे मनमाडला रेल्वेत टी.सी. होते. निवृत्त होऊन आमच्या कॉलनीत एकटेच राहायला आले. नोकरी सुटली, पण काळा कोट सुटला नाही. मे महिन्यातसुद्धा तो कोट घालून, "जय भीम, शेठ" म्हणत ते पायरी चढायचे, तेव्हा दुकानातल्या निम्म्या बायका उगाच पिशवीत तिकीट शोधू लागायच्या. खिशात तिकिटं पंच करायचा चिमटा. हातात आलेल्या प्रत्येक कागदाला त्यांनी भोक पाडलंच पाहिजे. माझ्या मुलाच्या लग्नाच्या पत्रिकेलाही पाडलं. गणपती सोंडेच्या वर भोक घेऊन बसला होता.

आणि एक ठरलेलं वाक्य. कोणीही उशिरा आलं, खजील होऊन आलं, की हे विचारणार, "गाडी लेट होती का?" पलीकडच्या गल्लीतून चालत आलेल्या दूधवाल्यालाही तेच. दूधवाला आधी बुचकळ्यात पडायचा. मग "हो साहेब, लेट होती" म्हणायला शिकला. मला याची फार चीड यायची. असं आयतं कारण हातात दिल्यावर माणूस सुधारणार कसा?

त्यांचं खरं वेड मात्र कायद्याचं. मुंबईला विधानसभेत कायदा व्हावा, की प्रत्येक खाजगी दवाखान्याने दाराशी दराची पाटी लावावी, गरिबाने बिल हप्त्याने फेडलं तरी चालावं, आणि बिलापायी कोणाही रुग्णाला अडवून ठेवू नये.

"शेठ, मिसळीच्या दुकानात पाटी असते. सलूनमध्ये असते. विनातिकीट माणसाच्या दंडाचासुद्धा दर ठरलेला असतो, आणि त्याने तर गुन्हा केलेला असतो. आजारी माणसाने काय केलंय?"

"साहेब, घासाघीस करावी. कमी होतं."

"तुमचं होतं. ज्याला बोलता येत नाही त्याचं?"

हे वाक्य ते माझ्या दुकानात, माझ्या गिऱ्हाइकांसमोर बोलायचे. माझा धंदाच जणू विनातिकीट चाललाय, असा आवाज लावून. एकदा रागाने मी डाव गल्ल्यावर इतक्या जोरात आपटला की तो वाकला. गांगुर्डे म्हणाले, "केवढ्याचा होता?" आणि तेवढे पैसे ठेवून वाकडा डाव घेऊन गेले. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

आमदारांना त्यांनी अर्ज पुष्कळ केले. उत्तर नाही. मग एक दिवस डोळे चमकवत दुकानात आले.

"शेठ, कागद टोपलीत जातो. स्टीलचं भांडं कोणी टाकतं का?"

"वेडा असला तरी टाकणार नाही."

"मग कायदा भांड्यावर घाला."

आमच्याकडे भांड्यांवर नावं घालायला मुश्ताकभाई बसतात. आयुष्यभर त्यांनी 'सप्रेम भेट' आणि 'यांजकडून' याखेरीज काही कोरलेलं नव्हतं. त्यांच्यापुढे एक मोठा डबा आला. त्यांनी मशीन कुर्रर्र सुरू केलं आणि सवयीने टपोरं अक्षर काढलं. 'बिलापायी रुग्णास अडवून ठेवू' इथपर्यंत डबा गोल फिरून संपला.

"साहब, एक लफ्ज बचा है."

"झाकणावर घाला," गांगुर्डे म्हणाले.

'नये' झाकणावर गेलं.

डबा आमदारांच्या घरी पोचला. आमदारीणबाईंना फार आवडला. त्यात त्यांनी लाडू भरले. झाकण दुधाच्या पातेल्याला नेमकं बसतं म्हणून ते तिकडे गेलं. महिनाभराने गांगुर्डे मला घेऊन आमदारांना भेटायला गेले, तर आमदार डबा मांडीवर घेऊन बसलेले.

"गांगुर्डे, लाडू संपेपर्यंत रोज वाचतोय. तुम्हाला पेशंट सोडायचे आहेत की धरायचे?"

झाकण शोधायला आम्ही तिघे स्वयंपाकघरात. ते सापडलं, पण त्याखाली दूध तापत होतं. बाई म्हणाल्या, "सायीला हात लावू नका." कायद्याचा मुख्य शब्द साय धरेपर्यंत आम्ही बाहेर थांबलो. शेवटी आमदारांनी डबा आणि झाकण एकत्र वाचलं आणि बघतो म्हणाले. अजून बघतायत.

पुढे माझ्या बायकोच्या पित्ताशयात खडे निघाले. एका नर्सिंग होममध्ये ऑपरेशन झालं. बिल आलं तसा मी बाह्या सरसावून डॉक्टरांच्या खोलीत गेलो.

"डॉक्टर, खडे तुम्ही ठेवून घेतलेत. आमच्याकडे मोड परत घेतला की त्याचे पैसे वजा करतात."

डॉक्टर आधी हसले. मी हसलो नाही, तेव्हा त्यांनी बिल कमी केलं. मी छाती काढून वॉर्डात आलो, तर गांगुर्डे माझ्या बायकोला बघायला आलेले. त्यांनी नर्सला पाटी कुठाय म्हणून विचारून झालं होतं. आता सुनावतील म्हणून मी तयार राहिलो. पण ते शेजारच्या खाटेकडे बघत होते.

तिथे एक तरुण बाई बसली होती. लुगडं नीट नेसलेली, वेणी घातलेली, मांडीवर कपड्यांचं बोचकं. बायको माझ्या कानात म्हणाली, "बरी झालीय कधीची. नवरा इथेच अंबडला कारखान्यात रोजावर आहे. पैसे आणायला गेलाय. तो आल्याशिवाय सोडत नाहीत. रोज सकाळी आवरून अशी बसते."

गांगुर्डे तिला म्हणाले, "बाई, बोचकं खाली ठेवा की."

"नगं. येतीलच आता," ती म्हणाली. "बस भेटली नसंल त्यास्नी."

गांगुर्ड्यांनी खिशातला चिमटा काढला, उगाच दोनदा दाबला आणि परत ठेवला. मग मला दारापाशी नेलं.

"शेठ, हिचा भाव करा."

"साहेब, तुम्ही हे म्हणताय? मला?"

"कायदा होईल तेव्हा होईल. हिला आज घरी जायचंय."

इतकी वर्षं भर दुकानात माझ्या घासाघिशीचा पाणउतारा करणारा माणूस. मनात आलं की चांगलं ऐकवावं. पण त्यांचा चेहरा बघून राग डॉक्टरांकडे वळवला.

डॉक्टर बधेनात. "एकदा तुम्हाला दिली ना सूट?" मी कपाळावर हात मारला. त्यांनी डोकं दुखतंय का विचारलं. मग मी शेवटचा डाव टाकला. चपला घातल्या आणि तडक पायऱ्या उतरलो. फाटकापर्यंत गेलो. कोणी हाक मारेना. दवाखान्यात बोलवून घ्यायची रीतच नाही. शेवटी आपणहून परत आलो, तर डॉक्टर म्हणाले, "काही विसरलात का?"

मी फुत्कारत बाहेर बसलो, आणि मला कोपऱ्यातलं पाण्याचं पिंप दिसलं. पत्र्याचं, गंजलेलं. हिशेब बघणाऱ्या डॉक्टरीणबाई तिथेच होत्या.

"बाई, यातलं पाणी पिऊन माणसं आजारी पडतील. स्टीलचं देतो, नळासकट. आतल्या त्या बाईला सोडा."

त्यांनी मान वर केली. "केवढं पिंप?"

तो आवाज मी ओळखला. माझ्या जिवात जीव आला. त्यांनी तिवई मागितली, मी नाही म्हणालो. त्यांनी ओगराळं मागितलं, मी उठून पायऱ्या उतरलो, आणि त्यांनी हाक मारली. गेल्या कित्येक वर्षांत इतकी सुंदर हाक मी ऐकली नव्हती.

"वर मजकूर फुकट घालून देतो," मी म्हणालो.

मजकूर कोणता ते त्यांनी विचारलं नाही. या वेळी मुश्ताकभाईंनी अक्षर बारीक काढलं आणि 'नये'सकट सगळा कायदा पिंपाच्या पोटावर बसवला. बाई चिडल्या, पण पिंप स्टीलचं होतं. अजून तिथेच आहे.

सौदा झाला त्याच संध्याकाळी दवाखान्याच्या पायऱ्यांवर त्या बाईचा नवरा आला. मान खाली, मुठीत थोड्या नोटा. बाईचं बोचकं गांगुर्ड्यांनी उचललं होतं. ते त्याला म्हणाले, "गाडी लेट होती का?"

"हो साहेब," तो म्हणाला.

ती दोघं रिक्षात बसली, तेव्हा कुठे गांगुर्ड्यांनी बोचकं दिलं. रिक्षा वळल्यावर मी न राहवून म्हणालो, "साहेब, अंबडहून कसली आलीय गाडी?"

ते रस्त्याकडेच बघत होते.

"आमच्या मंडळींना इथेच नाशकात दाखल केलं होतं. ती बरी झाली, मी पैशांसाठी मनमाडला गेलो. जमायला वेळ लागला. परत आलो तर ती अशीच बसलेली, बोचकं मांडीवर घेऊन. मला काय तोंड दाखवावं कळेना. तर तीच म्हणाली, गाडी लेट होती का?"

"मग?"

"मी हो म्हणालो." त्यांनी कोटाची बटणं लावली. "टी.सी.ची बायको, शेठ. सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ होत्या तिला."