मालनबाईंच्या इंजिनाची ओळखपरेड

शेजाऱ्याला वापरायला दिलेली वस्तू परत येतेच. परत आलेली वस्तू तीच असावी, असा हट्ट मात्र सुसंस्कृत समाजात कोणी धरत नाही. मालनबाईंनी धरला, म्हणून सन १९७१च्या मार्गशीर्षात देवळाली प्रवरेत 'मूळ इंजिन निश्चिती समिती' नेमावी लागली. प्रस्तुत लेखक तिचा चिटणीस होता. (मोटारीतले काही कळत नसल्याने मी निःपक्षपाती ठरलो.)

प्रकरण असे. १९४७ साली नगरचा एक गोरा लष्करी साहेब मायदेशी निघाला, तेव्हा त्याची शर्यतीची उघडी मोटार कोपरगावच्या सूर्यभान पाटलांनी घेतली आणि लेक मालन हिच्या लग्नात जावई काकासाहेबांना दिली. मोटार दोन माणसांची. वरातीत तिच्यात अकरा बसले, कारण बाकीचे लाजले. वेग ताशी ऐंशी मैल. आमच्या रस्त्याने तो पाचावर आणून ठेवला.

काकासाहेब मनाचे मोठे. गाडीला रस्ता नाही आणि शेजारच्या आसारामच्या विहिरीला इंजिन नाही, हे दुहेरी दुःख पाहून त्यांनी मोटारीचे इंजिन उतरवून आसारामला दिले. तिथून ते पिठाच्या गिरणीत गेले, मग गुऱ्हाळावर सहा हंगाम राबले, शेवटी ग्रामपंचायतीने दिवाबत्तीसाठी नेले. या काळात मोटार बैल ओढत. (पेट्रोलची बचत शंभर टक्के. बैलांचे मत नोंदवलेले नाही.) चोवीस वर्षांनी एक इंजिन परत आले. ते काकासाहेबांनी गाडीत बसवले. कोणते, असे विचारणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

त्याच साली सूर्यभान पाटील वारले. मालनबाई दिवसकार्याला माहेरी गेल्या आणि तिथूनच निरोप धाडला, "माझ्या बापानं दिल्यालं इंजिन गाडीत हाय का न्हाई, ते आदी बगा. नसंल तर मी येत न्हाई."

काकासाहेब तेवीस दिवस स्वतः भाकरी थापत होते. समितीने ती भाकरी पाहिली. तिला कोपरगाव तालुक्याच्या नकाशाचा आकार होता आणि साधारण तिथल्या मातीइतकाच काळेपणा. प्रकरणाची निकड सर्वांच्या ध्यानात आली.

पहिली कसोटी क्रमांकाची. कागदावरचा क्रमांक वाळवीने खाल्ला होता आणि इंजिनावरचा गंजाने. दोन्ही ठिकाणी काहीच वाचता येत नसल्यामुळे दोन्ही क्रमांक तंतोतंत जुळतात, असा शेरा मी मारला. दुसरी कसोटी वासाची. गुळाचा आला. तिसरी आवाजाची. आसारामने डोळे मिटून ऐकले.

"आवाज वळकीचा हाय," तो म्हणाला. "आमच्याच इंजिनाचा हाय."

"आमच्या म्हंजी कुनाच्या?" काकासाहेबांनी विचारले.

आसारामला एकदम विहिरीवरचे काम आठवले. त्याला बसवून ठेवावे लागले.

अखेर श्रीमंत नावाच्या कासाराला बोलावले. भांड्यांवर नावे घालणे हा त्याचा धंदा. लग्नात लेकीच्या ताट-तांब्यांवर नावे घालून झाल्यावर सूर्यभान पाटलांनी त्याला मोटारीसमोर बसवले होते आणि इंजिनावरही नाव घालून घेतले होते. भांडे ते भांडे. तीन छिन्न्या बोथट झाल्या होत्या.

वंगण खरवडले. वर 'ग्रामपंचायत' निघाले. शेजारी कानशीने घासलेले गुऱ्हाळाचे नाव, त्याखाली गिरणीचे, त्याखाली 'आसाराम'. अक्षर सगळीकडे श्रीमंताचेच.

"आरं, तुला काईच वाटलं न्हाई?" काकासाहेब कळवळले.

"नाव घालनाऱ्यानं नाव इचारायचं आस्तं, मालक," श्रीमंत म्हणाला. "वस्तू कुनाची, ते न्हाई."

मग सहा जणांनी इंजिन गाडीतून उचलून कलते केले. बुडाशी, जिथे कोणी कधी पाहत नाही, तिथे होते: 'चि. सौ. कां. मालन हीस वडिलांकडून'.

समितीने एकमताने ठराव केला की, इंजिन ओळीने चौघांनी बळकावल्याचा सलग पुरावा उपलब्ध असल्यामुळे ते मूळचेच आहे.

मालनबाई दुसऱ्या दिवशी एसटीने आल्या. वाकून त्यांनी एकेका अक्षरावरून बोट फिरवले. "बापाचंच हाय," म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला. आम्हालाही भरून आले. मग पदर सोडून त्यांनी आसारामकडे पाहिले. "दुसऱ्याच्या वस्तूवर आपलं नाव घालताना लाज न्हाई वाटली, भाऊ?"

आसारामने मान खाली घातली. ती चहा येईपर्यंत खालीच होती. चहा पितळी पेल्यांतून आला. शेवटचा घोट घ्यायला त्याने पेला तोंडावर पालथा केला, तेव्हा समोर बसलेल्या मला बुडावरचे नाव दिसले आणि चिटणीसाच्या सवयीने मी ते मोठ्याने वाचले: 'सौ. लंकाबाई आसाराम'.

"आमच्या मंडळीचा पेला!" आसाराम ताडकन उठला. "नऊ वर्सं ती मला म्हनती, तूच कुटं तरी हरवला!"

"वापरायला आनला हुता," मालनबाई शांतपणे म्हणाल्या. "देनारच हुते."

हा विषय कार्यकक्षेबाहेरचा असल्यामुळे समिती तिथल्या तिथे बरखास्त झाली. जाताना प्रत्येक सदस्याने आपापला पेला न उलटवता खाली ठेवला. मीही ठेवला, कारण माझ्या घरी मालनबाईंची परात आहे.

आता तुम्ही हसताय. हसा. फक्त उठून फडताळातला तुमचा सगळ्यांत आवडता डबा एकदा उलटा करा. बुडावरचे नाव वाचा आणि पाहुणे यायच्या आत सुलटा ठेवा.